ओवाळणी आणि हार्डीचा हिशेब

२००४ सालची भाऊबीज. माझ्या थोरल्या अक्काने मला ओवाळले आणि तबक खाली ठेवण्याआधीच ती म्हणाली, "यंदा मला साडी नको, पैसेही नकोत. ओवाळणीत तुझी मुलगी घाल. माझ्या थोरल्याला."

घरात हशा पिकला. अक्का मात्र हसत नव्हती. आमच्या बेळगाव भागात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानणारी घरे पुष्कळ. मराठी घरांत तशी आहेत, कानडी घरांतही आहेत, आणि काही कानडी घरांत तर मामाच भाचीला करतो. तेव्हा अक्का काही जगावेगळे मागत नव्हती. आमच्या आजीनेही तेच केले होते. धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या काकांना, तिने आपल्या सख्ख्या भावाची मुलगी करून आणली. सून कसली, भाचीच ती. त्या काकूंना दोन मुलगे झाले, आणि दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हते.

त्यानंतर काकूंनी जे ऐकले ते दोन्ही मुलांच्या वाटणीचेही ऐकले म्हणायचे. कुणी म्हणाले, दिवस असताना ग्रहण पाळले नाही. कुणी नागदोष काढला. खुद्द आजी म्हणायची, "आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं." आपण सुनेला आणले ते आपल्याच माहेरहून, हे आजी त्या वेळी सोयीस्करपणे विसरत असे.

मी तेव्हा पंचवीस वर्षे महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होतो. दर वर्षी जून-जुलैत फळ्यावर एक समीकरण लिहायचे, मुलांकडून दोन गणिते सोडवून घ्यायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचे, असा शिरस्ता. त्या समीकरणाला हार्डी आणि वाइनबर्ग यांचा समतोल म्हणतात. अक्काच्या त्या मागणीने हे समीकरण प्रथमच माझ्या माजघरात येऊन बसले. त्याचीच ही हकीकत आहे. आधी त्याची, मग आमची.

त्याचे असे झाले. मेंडेलने मठाच्या बागेत वाटाण्यावर केलेले काम १८६६ साली छापून आले आणि चौतीस वर्षे पडून राहिले. १९०० साली ते पुन्हा उजेडात आले. आईबापांकडून एकेक वाटा येतो. दोन वाटे वेगळे असले तर एक दिसतो, दुसरा लपतो. लपलेला नाहीसा होत नाही, तो पुढच्या पिढीत पुन्हा वर येऊ शकतो. हा मेंडेलचा सांगावा. दिसणाऱ्याला प्रभावी आणि लपणाऱ्याला अप्रभावी म्हणायची पद्धत पडली.

१९०८ साली केंब्रिजचे रेजिनाल्ड पनेट हे लंडनला डॉक्टरांच्या सभेत याच विषयावर बोलले. माणसातल्या एका प्रभावी गुणाचे उदाहरण तेव्हा ताजे होते: काही घराण्यांत चालत आलेली आखूड बोटे. सभेत संख्याशास्त्रज्ञ उड्नी यूल यांनी शंका काढली. हार्डीने पुढे आपल्या पत्रात ती यूल यांच्या नावावर मांडली आहे ती अशी: हा गुण जर प्रभावी, तर काळाच्या ओघात चारांतल्या तीन माणसांची बोटे आखूड व्हायला हवीत. प्रभावी म्हटल्यावर तो दुसऱ्याला गिळणारच. मग आपल्याभोवती सगळी लांब बोटांची माणसे कशी?

शंका वरवर पाहता बिनतोड वाटते. जो प्रभावी त्याचे राज्य वाढणार, जो दबला तो संपणार, असे आपल्यालाही वाटतेच. दोन भाषांच्या सरहद्दीवर राहणाऱ्यांना तर ते फारच लवकर वाटते.

पनेटना उत्तर सुचेना. केंब्रिजला परतल्यावर ते आपल्या एका क्रिकेटच्या सोबत्याकडे गेले. हा सोबती म्हणजे ट्रिनिटी कॉलेजचा गणिती जी. एच. हार्डी. पाच वर्षांनी, १९१३ साली, मद्रासहून आलेले रामानुजनचे पत्र उघडून त्याचे मोल ओळखणारा तोच हा हार्डी. आपल्या गणिताचा कुणाला काही उपयोग नाही याचा त्याला कोण अभिमान! पनेटचा प्रश्न त्याला गुणाकाराच्या पाढ्याइतका सोपा वाटला. त्याने उत्तर एका छोट्या पत्रात लिहिले आणि ते 'सायन्स' या अमेरिकन नियतकालिकाच्या १० जुलै १९०८ च्या अंकात छापून आले. आज जगभरच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हार्डीचे नाव माहीत असते ते त्या उपयोगी पडलेल्या पत्रापायी.

त्यातली अक्षरे बाजूला ठेवू. वर्गात मी हे काळ्या-पांढऱ्या मण्यांनी दाखवत असे, तसेच इथे दाखवतो.

एका पिशवीत काळे आणि पांढरे मणी आहेत, शंभरास नव्वद काळे आणि दहा पांढरे. प्रत्येक माणूस म्हणजे पिशवीतून न बघता उचललेले दोन मणी. एक आईकडचा, एक वडिलांकडचा. काळा मणी प्रभावी, म्हणजे एक जरी काळा असला तरी माणूस काळ्यासारखा दिसतो. आता अशी शंभर माणसे करा. दोन्ही मणी काळे असणारे निघतील सरासरी ८१. एक काळा, एक पांढरा असे १८. दोन्ही पांढरे असा फक्त एक. पांढरा गुण उघड दिसतो तो या एकातच.

ही शंभर माणसे पुढच्या पिढीला मणी देणार. मोजा. ८१ जणांचे १६२ काळे, १८ जणांचे १८, एकूण १८० काळे. पांढरे त्या १८ जणांचे १८ आणि शेवटच्या एकाचे २, म्हणजे २०. दोनशेंत १८० आणि २०. पुन्हा नव्वदास दहा! पुढच्या पिढीत तेच, त्याच्या पुढच्या पिढीतही तेच.

बस, एवढेच ते. काळा मणी प्रभावी आहे म्हणून पांढऱ्यांतला एकही कमी होत नाही. प्रभावी असणे म्हणजे केवळ दिसणे, वाढणे नव्हे. दबणे म्हणजे न दिसणे, संपणे नव्हे. वंश आपणहून काही वाढवत नाही, काही घटवत नाही. प्रमाण बदलले असेल तर बाहेरून कुणीतरी पिशवीत हात घातला आहे असे समजावे.

या शोधाला दुसरा धनी होता. जर्मनीतल्या श्टुटगार्ट शहरात विल्हेल्म वाइनबर्ग नावाचे डॉक्टर होते. प्रसूतीचे काम करता करता ते जुळ्या मुलांच्या नोंदी ठेवत आणि त्यांतून वंशाचे गणित मांडत. हार्डीच्या आधी काही महिने, १३ जानेवारी १९०८ रोजी, त्यांनी गावातल्या विज्ञानमंडळापुढे हाच निष्कर्ष सांगितला. तो जर्मन भाषेत, स्थानिक मंडळाच्या वार्षिकात छापला गेला, आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगाने तो पाहिलाच नाही. पस्तीस वर्षांनी, १९४३ साली, जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेल्या कुर्ट श्टेर्न यांनी वाइनबर्गचे नाव हार्डीच्या जोडीला आणून बसवले. वाइनबर्ग १९३७ सालीच वारले होते. आपल्या भाषेत, आपल्या गावच्या अंकात लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे. काम खरे असले तरी ते पोहोचायला पस्तीस वर्षे लागू शकतात.

या हिशेबाकडे ज्यांनी कानाडोळा केला त्यांनी काय केले, हेही सांगितले पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत 'वंशसुधारणे'चे मोठे वारे होते. दोष असणाऱ्यांना मुले होऊ दिली नाहीत तर दोष संपेल, असे शिकलीसवरलेली माणसे बोलत. नाझी जर्मनीने १४ जुलै १९३३ रोजी तसा कायदाच केला. त्याच्या यादीत आनुवंशिक अंधत्व होते, आनुवंशिक बहिरेपणही होते. सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला माझे दोन्ही चुलतभाऊ आठवले. एक उत्तम सुतार. दुसरा शाळेतल्या मुलांची चित्रे अशी रंगवतो की बघत राहावे.

आणि हिशेब काय सांगतो? समजा दहा हजारांत एकाला तो दोष आहे. त्या दहा हजार माणसांत वीस हजार मणी. त्यांत पांढरे दोनशे. उघड दोष असलेल्या माणसात त्यांतले फक्त दोन. उरलेले १९८ धडधाकट माणसांत लपलेले, कदाचित कायदा करणाऱ्यांतही. प्रत्येक पिढीत उघड दोषाच्या प्रत्येक माणसाला मूल होऊ दिले नाही, तरी पांढऱ्या मण्यांचे प्रमाण निम्म्यावर यायला शंभर पिढ्या लागतात. म्हणजे अडीच हजार वर्षे. पनेट यांनी १९१७ सालीच असा हिशेब मांडून हा मार्ग किती फोल आहे ते दाखवले होते. क्रूरपणा तर होताच. त्यातून हाती लागणार होते तेही एवढेच.

आता पिशवीत हात घालणारे कोण ते पाहू. मुख्यतः चार आहेत, आणि चौघांच्याही खुणा आपल्या मुलुखात सापडतात.

पहिली निवड. एखादा मणी असणारे अधिक जगले तर तो मणी वाढतो. विदर्भात आणि इतरत्र आदिवासी व अन्य समाजांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. नागपुरात त्याची नोंद १९५८ साली झाली; निलगिरीच्या डोंगरी लोकांत ती १९५२ सालीच झाली होती. दोन सदोष मणी आले तर मुलाचे हाल होतात. मग असा घातक मणी टिकला कसा? जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली याच जातीच्या दुसऱ्या एका रक्तदोषाबद्दल तर्क केला होता, की एकच मणी असणाऱ्याला मलेरियापासून संरक्षण मिळत असावे. सिकलसेलच्या बाबतीत अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत काम करून १९५४ साली ते दाखवून दिले. एका हाताने डास मारतो, दुसऱ्या हाताने तो मणी जपतो. दोहोंच्या मधोमध समतोल ठरतो. २०२३ सालच्या १ जुलैला आपल्या देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात तपासणीवर आणि लग्नाआधीच्या सल्ल्यावर भर आहे, तो हे लपलेले मणी ओळखता यावेत म्हणूनच.

दुसरे उत्परिवर्तन, म्हणजे मण्याचा रंगच बदलणे. हे अगदी क्वचित घडते. नवे काही येते ते याच वाटेने, पण प्रमाण हलवायला त्याला युगे लागतात.

तिसरे स्थलांतर. दुसऱ्या पिशवीतले मणी आपल्या पिशवीत पडणे. याचे उदाहरण आमच्या उशाशीच आहे. हल्याळ, यल्लापूर या बाजूच्या रानांत आणि खानापूरच्या काही वाड्यांत सिद्दी लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून आणले होते. आज त्यांच्या तोंडी कोंकणी, कानडी आणि मराठीही असते. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांच्या रक्तात आफ्रिकेतल्या बांटू भाषिकांचा वारसा आढळला, भारतीय आढळला आणि पोर्तुगीज असण्याची शक्यताही दिसली. स्थानिकांशी ही सरमिसळ साधारण गेल्या आठ पिढ्यांतली, म्हणजे दोनशे वर्षांतली, असा त्यांचा अंदाज. इतिहासाच्या कागदांनी ज्यांची नावेसुद्धा लिहून ठेवली नाहीत, त्यांची वंशावळ अशी रक्तात लिहिलेली राहिली.

चौथा योगायोग. पिशवी मोठी असेल तर नव्वदास दहा हे प्रमाण टिकते. मूठभर माणसांचा गट निघून वेगळा झाला तर त्या मुठीत काय आले, हा नशिबाचा भाग. आणि तो गट पुढे कितीही वाढला, पण सोयरीक आपल्यातच करत राहिला, तर त्या मुठीची छाप पुसत नाही. आंध्रातल्या वैश्य समाजात एका विशिष्ट भूल-औषधाचा अंमल काही जणांवर फार वेळ टिकतो, हे तिथल्या डॉक्टरांना ठाऊक आहे. त्याच्या मुळाशी असाच जुन्या मुठीतला एक मणी आहे. २०१७ सालच्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ समाज तपासले गेले. त्यांतल्या ८१ समाजांत ही मुठीची छाप फिनलंडचे लोक आणि युरोपातले अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही गडद निघाली. आणि हे दोन समाज तर अशा छापेसाठी जगभर प्रसिद्ध. जातीतच लग्न करण्याची आपली रीत किती जुनी आहे याचाही अंदाज अशाच कामातून आला. २०१३ सालच्या अभ्यासानुसार साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले बहुतेक सगळे समाज एकमेकांत मिसळत होते. मग कवाडे बंद झाली. शुद्ध रक्ताची भाषा करणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत सगळ्यांचे मणी आहेत. फक्त पिशव्यांची तोंडे नंतर बांधली गेली.

आणि आता अक्काच्या ओवाळणीचा मुद्दा. नात्यातले लग्न या चारांत कुठे बसते? कुठेच नाही, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. नात्यात लग्न केल्याने पिशवीत एकही पांढरा मणी वाढत नाही. 'रक्त बिघडते' हे खोटे. बदलतात त्या फक्त जोड्या. न बघता उचलायचे ते मणी आपण एकाच कोपऱ्यातून उचलू लागतो, आणि लपलेला पांढरा दुसऱ्या लपलेल्या पांढऱ्याला गाठतो.

याचे उदाहरण मुंबईच्याच नावाचे आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट शोधला. जगात तो 'बाँबे' गट म्हणून ओळखला जातो. साध्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण अशा माणसाला ओ गटाचेही रक्त चालत नाही. हा गुण अप्रभावी. मुंबईच्या परिसरात दर दहा हजारांत एक, असा त्याचा अंदाज सांगितला जातो. त्यावरून हार्डीचा हिशेब करा: मण्यांत शंभरास एक पांढरा, म्हणजे जवळजवळ दर पन्नास माणसांत एकाजवळ तो लपलेला. परक्यांत लग्ने झाली तर दहा हजार मुलांत एक मूल या गटाचे. सगळीच लग्ने सख्ख्या आते-मामे भावंडांत झाली तर सात. सगळी मामा-भाचीत झाली तर तेरा. मणी तेवढेच, गाठी वाढल्या.

आपल्याकडच्या या रीतीचा अभ्यास आपल्याच माणसांनी केला आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात देशभरच्या नात्यागोत्यांचा नकाशा मांडला. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न निषिद्ध, दक्षिणेत ते इष्ट, आणि महाराष्ट्र दोहोंच्या मधोमध. मुंबईत एल. डी. संघवी आणि व्ही. आर. खानोलकर यांनी १९४९ च्या सुमारास सहा समाजांचे आनुवंशिक गुण मोजून समाजासमाजांतले फरक दाखवले. पुढे संघवींनी नात्यातल्या लग्नांचीही मोजदाद केली. १९५७ साली हाल्डेन इंग्लंड सोडून भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. त्यांच्या परिवारातल्या कृष्ण द्रोणमराजू यांनी मीरा खान या संशोधकाबरोबर आंध्रातल्या नात्यातल्या लग्नांची पाहणी १९६३ साली प्रसिद्ध केली. कायद्यानेही मधली वाट धरली: १९५५ चा हिंदू विवाह कायदा अशी नाती वर्ज्य ठरवतो, पण रूढी असेल तर मोकळीक देतो.

कायदा रूढीवर सोडतो, आणि रूढी माझ्यापुढे तबक घेऊन उभी होती.

मी रात्री कागद घेऊन बसलो. काकांची दोन्ही मुले तशी, तेव्हा काकांकडे तो मणी नक्की. माझे वडील त्यांचे सख्खे भाऊ. त्यांच्याकडे असण्याची शक्यता निम्मी. त्यांच्याकडे असेल तर अक्काकडे निम्मी, माझ्याकडे निम्मी. मग तिच्या मुलाकडे पाव, माझ्या मुलीकडे पाव. दोघांकडेही असण्याची शक्यता बत्तिसात एक. आणि दोघांकडे असला तरी प्रत्येक मुलाला चारांत एकदाच दोन्ही पांढरे येणार. म्हणजे १२८ मध्ये एक. तीच मुलगी परक्या घरी गेली आणि तिथे पन्नासात एकाकडे हा मणी आहे असे धरले, तर १६०० मध्ये एक. शिवाय नात्यातल्या लग्नात इतर लपलेल्या दोषांची भर असतेच. कोणत्याही जोडप्याला सदोष मूल होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन धरली, तर सख्ख्या आते-मामे भावंडांत ती साधारण दुप्पट होते.

दुसऱ्या दिवशी मी हे सारे अक्काला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे १२८ मधली १२७ चांगलीच की रे."

मला उत्तर देता येईना. हिशेब तिचाही बरोबर होता. हार्डीचे गणित शक्यता सांगते. ती पेलायची की नाही ते सांगत नाही. मी एवढेच म्हटले, "अक्का, तो एक जर आला, तर लोक बोल कुणाला लावतील? तुझ्या सुनेला. म्हणजे माझ्या मुलीला. आपल्या काकूंना लावला तसा."

अक्का गप्प झाली. फराळाचा डबा तसाच ठेवून ती गेली. वर्षभर तिने मला फोन केला नाही.

गंमत म्हणजे, ज्यांच्यासाठी आम्ही दोघे भांडलो त्यांना कुणी विचारलेच नव्हते. भाच्याने आईला सांगून टाकले, की तिच्याबरोबर लहानपणी एका पानात जेवलो, ती मला बहीणच वाटते. माझ्या मुलीने तर तिच्या कचेरीतल्या धारवाडच्या कानडी मुलाशी कधीच ठरवून ठेवले होते. हार्डीच्या यादीत ज्याला स्थलांतर म्हणतात ते आमच्या घरी असे धारवाडहून आले. अक्का रुसवा सोडून लग्नाला आली आणि मामीच्या शेजारी उभी राहून तिनेच कानडीत विहिणीचे स्वागत केले. आज माझी नात आईशी मराठी बोलते, वडिलांशी कानडी. तिच्या जिभेवर पुढे काय टिकेल ते मण्यांचे गणित सांगू शकत नाही. मणी न विचारता मिळतो आणि न वापरता टिकतो. भाषा न वापरता टिकत नाही.

त्या सगळ्या धांदलीत एक काम मात्र मी करून टाकले. मी काकूंकडे गेलो. तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या. मण्यांची पिशवी बरोबर नेली होती. परडीत मणी मांडून त्यांना सगळे दाखवले. हा मुलांच्या वाट्याचा एक मणी तुमच्याकडून. हा दुसरा काकांकडून. एकट्या तुमच्या मण्याने काही झाले नसते. काकांना तो आला त्यांच्या आईकडून. तुम्हाला आला तुमच्या वडिलांकडून. आणि ती दोघे सख्खी भावंडे.

काकू बराच वेळ त्या दोन पांढऱ्या मण्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आत्याबाईंच्याकडेही होता होय तो?"

"होय काकू. त्यांच्याकडेही होता."

"आणि त्यांना माहीतच नव्हतं."

"कुणालाच माहीत नसतं, काकू. तो दिसत नाही."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही की आजीला बोल लावला नाही. दोन्ही मणी उचलून माझ्या हातावर ठेवले आणि हाताच्या खुणेने थोरल्या मुलाला बोलावून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितले.